दर तिमाहीला दोन

गेल्या वर्षीची गोष्ट. रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर रात्रीचे लॉग डोळे फाडून वाचायचे, ह्याचा एवढा कंटाळा आला की एका शुक्रवारी रात्री बसून मी त्यासाठी एक छोटी स्क्रिप्टच लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे तीनला ती चालली तेव्हा एकट्यानेच टाळी वाजवली. (हळूच. रूममेट झोपला होता.)

मग मॅनेजरला कळलं. सगळ्यांसमोर कौतुक, दोन हजारांचं व्हाउचर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आईला फोनसुद्धा केला. घोटाळा पुढे झाला. अप्रेझलनंतर माझ्या गोल्समध्ये एक ओळ आली: दर तिमाहीला दोन ऑटोमेशन. झालं! पुढच्या दोन तिमाहीत मोजून चार स्क्रिप्ट लिहिल्या, चारही शेवटच्या आठवड्यात. चालतात. पण चालताना बघायला मी थांबलो नाही.

मला वाटायचं, मीच आळशी झालोय. मग लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघांचा १९७३चा प्रयोग वाचनात आला. बालवाडीतली, स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. काही दिवसांनी पेन पुन्हा समोर ठेवले, तर सर्टिफिकेटसाठी काढणारी मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात रमली. न सांगता मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे व्हाउचर बिचारं निर्दोष! खाल्लं ते त्या ओळीने. (पगाराबद्दल बोलत नाहीये हां. घराचा हप्ता नसता तर सोमवारी कोण उठलं असतं?)

आता गंमत बघा. एवढं सगळं वाचूनही गेल्या रविवारी ताईकडे मी काय केलं? भाची क्रेयॉन घेऊन शांतपणे बसली होती. मामाला राहवलं नाही. "पाच चित्रं काढ, कॅडबरी देतो." दहा मिनिटांत पाच वेडेवाकडे गोल आणि पुढे केलेला हात. माझ्या चार स्क्रिप्ट आठवल्या.

काल पुन्हा गेलो. ह्यावेळी न बोलता तिच्या शेजारी बसलो, एक कागद घेतला आणि स्वतःच डोंगर काढायला लागलो. तिने थोडा वेळ बघितलं, आणि विचारलं, "मामा, आज किती काढायची?"