मोकळ्या रानात धावण्याचा हक्क

परदेशात नोकरी करणाऱ्या लोकांमध्ये ‘हॅश’ नावाचा एक प्रकार चालतो. पूर्ण नाव हॅश हाऊस हॅरियर्स. १९३८ साली क्वालालंपूरमधल्या काही ब्रिटिश नोकरदारांनी तो सुरू केला. एकदोन जण ‘ससे’ होऊन पुढे जातात आणि रानात कागदाचे तुकडे टाकत माग तयार करतात. बाकीचे शिकारी कुत्र्यांसारखे तो माग शोधत धावतात. काही माग मुद्दाम खोटे असतात. खरा सापडला की ‘ऑन ऑन’ अशी आरोळी. शेवटी गोल करून गाणी, थट्टा, बिअर. नंबर कोण आला, याला महत्त्व नाही.

मी खर्ड्याचा, तालुका जामखेड. नोकरीनिमित्त दोन वर्षे क्वालालंपूरला होतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर हॅशला गेलो. पामच्या मळ्यातून, ओढ्यातून, चिखलातून दीड तास धावलो. कोणाच्या बांधावरून चाललोय, कोण अडवील, हा विचार मनात आला नाही. आणखी एक गोष्ट आवडली. तिथे आडनाव चालत नाही. काही वेळा धावलात की मंडळी तुम्हाला टोपणनाव देतात आणि पुढे तेच तुमचे नाव.

पण त्याच दिवशी एक मराठी गृहस्थ भेटले. गाव कुठलं? खर्डा. आडनाव? सांगितले. मग तिसरा प्रश्न, “खर्ड्यात नेमकं कुठं राहता?” मित्रांनो, हा तिसरा प्रश्न आपल्याला चांगला ओळखीचा आहे. समुद्र ओलांडला तरी तो मागावर असतो, आणि त्याचा माग कधी खोटा निघत नाही.

आता कोणी म्हणेल, गोऱ्यांचा क्लब बघा किती समतावादी. तसे नाही. १९३८ चे मलाया ही ब्रिटिशांची वसाहत होती. तिथल्या रबराच्या मळ्यांत चीक काढायला तमिळ मजूर नेलेले होते आणि त्यांत दलित मोठ्या संख्येने होते. काही जण रानात मौजेसाठी धावत होते आणि आपल्यासारखेच लोक त्या देशाच्या मळ्यांत राबत होते. त्याच वर्षी, १० जानेवारी १९३८ रोजी, बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला. जमीन कोणाची आणि तिच्यावर घाम कोणाचा, हाच तिथला प्रश्न होता.

आपल्या आज्यापणज्याने कमी धाव घेतली नाही. पण ती वेठीची. मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावी जाणे, सरकारी टपाल आणि खजिना पोहोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे पळणे, ही महारकी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले, ते या गुलामीतून सोडवण्यासाठी. पाय आपले होते, पण वाट दुसऱ्याने ठरवलेली होती.

वतन गेले. वाट मोकळी झाली का? २८ एप्रिल २०१४ रोजी आमच्या खर्ड्यात नितीन आगे या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून, दिवसाढवळ्या बेदम मारले आणि झाडाला लटकवले. खटल्यात साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. ज्या शिवारात हे घडते, तिथे ‘ससा आणि कुत्रे’ हा खेळ म्हणून कसा खेळायचा?

हे फक्त आपलेच दुखणे नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २३ फेब्रुवारी २०२० रोजी अहमद आर्बरी हा कृष्णवर्णीय तरुण धावत असताना गोऱ्यांनी गाड्यांतून पाठलाग करून त्याला गोळ्या घातल्या. तिथे मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. त्याच्यासाठी हजारो लोक आपापल्या गावी सव्वादोन मैलांच्या आसपास धावले, त्याच्या मृत्यूची तारीख अंतरात मोजून. निषेधाची ही पद्धत आपणही समजून घेतली पाहिजे.

आपली पोरे आजही पहाटे रस्त्याच्या कडेने धावतात. पोलीस भरतीचे १६०० मीटर डोक्यात असतात. ते गरजेचेच आहे. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सैन्यात क्रॉसकंट्रीला लागला आणि ऑलिम्पिकपर्यंत गेला. पण भरती झाली किंवा वय निघून गेले की धावणे थांबते. नोकरीसाठी धावणे ही गरज आहे. आनंदासाठी धावणे हा हक्क आहे. चवदार तळ्यावर बाबासाहेब फक्त तहान भागवायला गेले नव्हते, सार्वजनिक जागेवरचा माणूस म्हणून असलेला हक्क बजावायला गेले होते. गावची वाट, गायरान, ओढ्याचा काठ, किल्ल्याचा परिसर या सार्वजनिक जागाच आहेत.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. १४ एप्रिलला मिरवणूक निघतेच. २८ एप्रिलला पहाटे वस्तीतल्या मुला-मुलींनी एकत्र धावावे. मुलींना मागे ठेवू नये, कारण त्यांच्या धावण्यावर तर जात आणि पुरुष दोघांचाही पहारा आहे. वाट वस्तीतून सुरू होऊन गावातून जावी आणि परत वस्तीत यावी. घोषणा नसल्या तरी चालेल. कोणी थांबवून “कुठले तुम्ही?” विचारले, तर एकच उत्तर द्यायचे. “याच गावचे.”

जय भीम!