बिननक्षीचे कपाट

घरातल्या वस्तूची किंमत माणसाला दोनदाच कळते, असे माझे मत झाले आहे. एकदा ती करवून घेताना आणि एकदा ती दुसऱ्याने मागितल्यावर. मधली सगळी वर्षे आपण तिच्यावर रद्दी रचण्यात घालवतो.

दादरची आमची इमारत पाडून नवी व्हायची होती. घरात बांधाबांध चालली होती. अशात चिरंजीवांचे एक मित्र आले. ते घरे सजवून देण्याचा व्यवसाय करतात. आल्या आल्या ते आमच्या जुन्या कपाटापुढे गुडघे टेकून बसले आणि मान वाकवून त्याच्या पोटाखाली बघू लागले. झुरळ दिसले की काय, असे मला वाटले. ते उठले आणि म्हणाले, "काका, हे विकणार का?" मी तोवर भंगारवाल्यालाच बोलावण्याच्या विचारात होतो!

हे कपाट अण्णांनी 1961 साली करवून घेतले. कुठल्याशा वाचनालयात परदेशी मासिकातले एक चित्र त्यांनी पाहिले आणि कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून आणले. लांबट, बुटके कपाट. खाली निमुळते होत गेलेले चार तिरके पाय. मिस्त्री ते चित्र पाहून खिन्न झाले. "वर थोडी वेलबुट्टी काढतो. पैसे नकोत," म्हणाले. अण्णा ऐकेनात. कपाट घरात आले तेव्हा आत्या म्हणाली, "नक्षी नाही ती? सुताराचे पैसे बुडवलेस की काय?"

मिस्त्री मात्र जाताना फळीवर तळहात फिरवून जे बोलले, ते मला अजून आठवते. "नक्षी असली म्हणजे चूक झाकता येते. इथं झाकायला जागाच नाही."

त्या कपाटाचे शहाणपण पुढे वापरताना कळत गेले. पाय उंच, म्हणून केरसुणी खालून सरळ फिरे. दारे खोबणीत सरकणारी. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असताना दार उघडण्यासाठी कुणाला उठवावे लागत नसे. नक्षी नाही, म्हणून धूळ बसायला खाच नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपे सरकारच्या बोलावण्यावरून आपल्याकडे आले आणि 1958 साली त्यांनी एक अहवाल लिहिला. भारतात पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो आपला लोटा! 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, ती त्या अहवालातूनच. म्हणजे बिननक्षीचे सौंदर्य आमच्या मोरीत आधीपासूनच होते. दिवाणखान्यात यायला तेवढा उशीर झाला.

कपाटाबरोबर त्याच मिस्त्रींनी चार खुर्च्याही केल्या होत्या, सागवानी आणि वेताने विणलेल्या. प्रत्येक बैठकीखाली त्यांनी पेन्सिलीने आकडा घातला होता, एक ते चार.

1991 साली कचेरीच्या कामासाठी मी चंदीगडला गेलो होतो. ल कॉर्बुझिए यांचे चुलत बंधू पिएर जानरे 1951 साली तिथे आले आणि 1965 पर्यंत राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी साग, शिसम आणि वेत वापरून त्यांनी साधे, मजबूत सामान घडवून घेतले. 1967 साली ते वारले आणि पुढे त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी तिथल्याच सुखना तलावात विसर्जित झाल्या. मला यातले तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. मी पाहिला तो गच्चीवर पडलेला मोडक्या खुर्च्यांचा ढीग. उलट्या व्हीसारखे पाय आभाळाकडे करून त्या पावसात भिजत होत्या. 'सरकारी उधळपट्टी!' म्हणून मी मनसोक्त हसलो.

अशा कित्येक खुर्च्या पुढे भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या आणि परदेशात लाखांनी विकल्या गेल्या. पाठीवर रंगवलेल्या कचेरीच्या नंबरावरून म्हणे ग्राहक खरी खुर्ची ओळखू लागले. अखेर 2011 साली केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीला आणि परदेशी जाण्याला मनाई केली.

चंदीगडला हसलेला मी, तीनच वर्षांनी काय केले? अण्णा गेल्यावर त्या चार खुर्च्या, वेत तुटला म्हणून, चाळीस रुपयांना विकल्या आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या आणल्या. आई काही बोलली नाही. तिने चारही खुर्च्यांच्या पाठी ओल्या फडक्याने पुसल्या आणि मगच हमालाला उचलू दिल्या. वेत पुन्हा विणून घेता येतो, हे मला त्या वेळी सुचले नाही. खरे म्हणजे मी कुणाला विचारलेच नाही.

तेव्हा चिरंजीवांच्या मित्रांनी कपाटाचा आकडा सांगितला आणि हिचे डोळे विस्फारले, तरी मी नाही म्हटले. नव्या जागेत भिंत अपुरी पडत होती. सूनबाईंनी टेप धरून मापे घेतली आणि सोफाच रद्द केला. कपाट आले.

खुर्च्या मात्र गेल्या त्या गेल्याच. आता चोरबाजारात गेलो की जुनी खुर्ची दिसताच उलटी करून बघतो. परवा एका दुकानदाराने विचारले, "काय शोधता?"

"आकडा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि दुसरी एक खुर्ची पुढे ओढली. "ही घ्या साहेब. हिच्यावर नक्षी पण आहे."