दुसरी प्रत

शेतकरी पिकातील टपोरी कणसे निवडून बियाण्यासाठी निराळी काढून ठेवतो. घरात धान्याची कितीही चणचण भासली, तरी त्या कणसांना हात लावायचा नाही, असा जुन्या घरांचा दंडक असे. पोथ्या जपणाऱ्यांची रीतही हीच होती. एका गावची पोथी वाळवीने खाल्ली, तरी दुसऱ्या गावी कोणा जिज्ञासूच्या दप्तरात तिची नक्कल सापडे.

आता पुष्कळ घरांत पोथीची जागा संगणकाने घेतली आहे. घरचा जमाखर्च, लग्नकार्यातील छायाचित्रे, मुलांचे निबंध, आजीच्या आवाजातील ओव्या, सारे त्यातील एका लहानशा पेटीत मावते. अनेक संगणकांत या पेटीच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात. त्यांना स्पर्श न करता, केसाच्या जाडीहून किती तरी कमी अंतरावर तरंगणारे एक चिमुकले टोक मजकूर लिहीत-वाचीत असते. ते तबकडीला घासले की मजकूर खरवडला जातो. नव्या यंत्रांत तबकड्या नाहीत, तथापि त्यांनाही अमरपट्टा मिळालेला नाही. जमाखर्च पुन्हा मांडता येईल, निबंध पुन्हा लिहिता येईल. आजी गेल्यावर तिच्या ओव्या पुन्हा कोठून आणाव्या?

नक्कल करून ठेवावी हे सर्वांना कळते. परंतु 'आज नको, उद्या करू' हा मनुष्याचा स्वभावच आहे. म्हणून हे काम यंत्रावरच सोपवणे शहाणपणाचे. संगणकाला तारेने जोडायची एक निराळी पेटी मिळते; तिला बाजारात एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतात. मॅक संगणकांत २००७ साली 'टाइम मशीन' आणि विंडोजच्या संगणकांत २०१२ साली 'फाइल हिस्टरी' ही सोय आली. काय जपायचे आणि कोणत्या पेटीत, एवढे प्रारंभी एकदा सांगितले की पुरे. पहिली नक्कल व्हायला काही तास लागतात. पुढे पेटी जोडलेली असेतोवर दर तासाला केवळ बदललेल्या मजकुराची नोंद होत जाते, आणि जुन्या प्रतीही मागे राहतात. शुक्रवारी चुकून पुसलेला निबंध बुधवारच्या रूपात परत मिळतो, तो यामुळेच.

मात्र मूळ आणि नक्कल एकाच मेजावर असतील, तर चोर एका हाताने दोन्ही उचलील. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पुराचे पाणी घरांत शिरले. ते काही मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे विचारीत आले नव्हते. यासाठी आणखी एक प्रत मामाच्या किंवा आत्याच्या घरी असलेली बरी.

इतके करूनही एक गोष्ट उरते. ती केवढी मोठी आहे, हे १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिसून आले. तेथील पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत होता. त्यातील बाहुले, घरे, झाडे सारी संगणकातच घडवलेली. एके दिवशी कोणाच्या तरी हातून सर्व काही पुसून टाकण्याची आज्ञा संगणकाला दिली गेली. काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वुडी या बाहुल्याची टोपी नाहीशी झाली, मग बूट गेले, मग वुडीच गेला! धावाधाव करून यंत्र बंद पाडले, तोवर सुमारे नव्वद टक्के चित्रपट पुसला गेला होता.

नक्कल ठेवणारे यंत्र तेथेही होतेच. परंतु ते कित्येक आठवडे नीट चालत नव्हते, आणि जपलेली प्रत उघडून पाहावी असे कोणालाही सुचले नव्हते! यंत्र बिघडले तर बिघडले. पण ते मुकाट्याने बिघडले, हे अधिक वाईट.

तेव्हा गॅलिन सुस्मन या तंत्रप्रमुख बाईंना आपल्या घरच्या संगणकाची आठवण झाली. नुकतेच बाळ झाल्यामुळे त्या घरूनच काम करीत, आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांनी घरी नेली होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून मोटारीच्या मागील आसनावर ठेवण्यात आला, आणि एखाद्या तान्ह्या मुलाला न्यावे तसा हळूहळू कचेरीत आणला गेला. प्रत शाबूत होती. मग कित्येक दिवस खपून माणसांनी हजारो फायली स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्या. पुढे कथाच पुष्कळशी नव्याने रचली गेली, हा भाग निराळा.

नोव्हेंबर १९९९ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. वुडीची टोपी एकदा खरोखरच नाहीशी झाली होती, याची चित्रपटगृहात बसलेल्या मुलांना गंधवार्ताही नव्हती.