हळू आवाजाची जागा

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदाने भक्तिगीतांची सीडी काढली. तिची पहिली प्रत ऐकताना बाजारातील अन्य सीडींपुढे ती आम्हांस मिणमिणती वाटली. आम्ही ध्वनिमुद्रकास म्हणालो, "आवाज वाढवा." तो क्षणभर थांबला. "वाढवतो फादर, पण मग हळू असं काही उरणार नाही." आम्ही ऐकले नाही.

त्याच्या बोलण्याचा अर्थ पुढे उमगला. सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा असते. तिच्या वर जाता येत नाही. मग गाणे मोठे भासावे म्हणून त्यातील उंच शिखरे दाबतात आणि उरलेले सारे वर उचलतात. डोंगर छाटून दऱ्या बुजवल्या की सपाट माळ उरतो, तसे ते गाणे होते. वास्तविक १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला सामावतो. परंतु एकच गीत दोनदा ऐकवले, तर किंचित मोठे तेच कानाला सरस वाटते. या मोहापायी १९९० च्या दशकात जी चढाओढ वाढीस लागली, तिला 'लाउडनेस वॉर' असे नाव पडले. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा गीतसंग्रह इतका दाबलेला निघाला की, चाहत्यांनीच तक्रारअर्ज केला. तीच गाणी एका व्हिडिओ खेळात अधिक मोकळी ऐकू येत होती!

आता स्पॉटिफायसारख्या सेवा प्रत्येक गाण्याची पातळी मोजून मोठे गाणे सहसा आपोआप खाली आणतात. ओरडून मिळवलेला लाभ तेथे हातचा जातो. छाटलेले शिखर मात्र परत येत नाही.

आमच्या सीडीत एका वृद्ध मावशींचे कडवे होते. शेवटच्या ओळीला त्या आवाज इतका खाली आणीत की, सारे मंदिर श्वास रोखून ऐके. सीडीत ती ओळ इतर ओळींइतकीच मोठी आहे. मूळ मुद्रण आम्ही जपले नाही. मावशी निवर्तल्यावर त्यांच्या थोरल्या मुलाने ती सीडी लावली आणि आम्हांस एवढेच म्हणाला, "फादर, आई असं गात नव्हती."

आम्ही काय उत्तर देणार? हल्ली कुठलेही नवे मुद्रण हाती आले की, आम्ही आधी त्यातील सर्वांत हळू जागा शोधतो, आणि मग ध्वनिमुद्रकास विचारतो, "ही अशीच राहील ना?"