वर कुणी राहतं का?

मागच्या रमजानचा चांद पाहायला औरंगाबादच्या घरी आम्ही सगळे गच्चीवर होतो. धाकटीने विचारले, “अब्बा, वर कुणी राहतं का?” मी दटावले, “चांद शोध, बडबड नको.” ती गप्प झाली. लहानपणी मलाही असेच गप्प केले होते. त्यानंतर विज्ञानाचे पुस्तक मी परीक्षेपुरतेच उघडले. रात्रभर ते मनाला सलत राहिले.

ईदनंतर तिला आणि अम्मीला घेऊन लोणारला गेलो. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेला तो खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी अतिशय खारट. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की हा रंग खारट पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे.

“म्हणजे आपल्याला पिता येत नाही, त्या पाण्यातही कुणी जगतं?”

“हो. म्हणूनच शास्त्रज्ञ मंगळावरही जिवांच्या खुणा शोधतात. पृथ्वीबाहेर अजून जीव सापडलेला नाही.”

“मग वर कुणी आहे की नाही?”

“माहीत नाही, बेटा. अजून कुणालाच माहीत नाही.”

मला वाटले, अम्मी रागावतील. त्या म्हणाल्या, “अल्लाहच्या कुदरतीला हद्द नाही. विचारू दे पोरीला.”

परतीच्या वाटेत तिने सात प्रश्न विचारले. दोनच उत्तरे मला आली. बाकीचे पाच वहीत लिहून ठेवले आहेत. आता आम्ही दोघे मिळून शोधतो.