चौकटीचे व्याकरण

साहित्याच्या अभ्यासकाला ‘स्कीमा’ हा शब्द परका वाटतो. तिचे काम मात्र ओळखीचे आहे. संहितेच्या भागांना खुणा घालून ती संगणकासाठी सिद्ध करताना कोणता भाग कशाच्या आत, किती वेळा यावा, कोणता अनिवार्य आणि कोणता ऐच्छिक, हे आधी ठरवावे लागते. ते ठरवते ती स्कीमा. ती जिच्यात लिहायची ती स्कीमाभाषा. एक व्याकरण, दुसरी व्याकरण लिहिण्याची परिभाषा. पाणिनीच्या परंपरेला हा भेद नवा नाही.

संतकविता शिकवताना मला या विषयाची गोडी लागली. समजा, अभंगाच्या स्कीमेत आपण नाममुद्रा अनिवार्य केली. हस्तलिखितात नाममुद्रेवाचूनचा अभंग आढळला, की यंत्र तो अवैध ठरवणार. नियम बदलता येत नसेल, तर संपादकाने अभंग वगळावा की नाममुद्रा पदरची घालावी? ‘नामा म्हणे’ ही मुद्रा तर एकाहून अधिक कवींची. तेथे कर्ता एकच आणि निश्चित हवा, असा नियम करणे म्हणजे वाङ्मयेतिहासातला वाद न ऐकताच निकाल देणे.

स्कीमाभाषांच्या रचनाकारांपुढेही संदिग्धतेचा प्रश्न होताच. १९९८ साली एक्सएमएल आले. त्याच्या डीटीडीमध्ये एसजीएमएलकडून आलेला एक दंडक होता: समोर आलेला घटक नियमातल्या नेमक्या कोणत्या जागी बसतो, हे पुढचे न पाहता ठरले पाहिजे. २००१ च्या डब्ल्यूथ्रीसी एक्सएमएल स्कीमानेही तो पाळला. त्याच वर्षी जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांच्या रिलॅक्स एनजीने तो सोडून दिला. ही संदिग्धता तांत्रिक आहे, काव्यातली नव्हे. तरीही व्याकरणाने लगेच निर्णय मागू नये, ही वृत्ती मला जवळची वाटते. साहित्यसंहितांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या टीईआय या उपक्रमाने पुढे रिलॅक्स एनजीचा आधार घेतला. मूळ पाठ आणि सुधारलेला पाठ शेजारी-शेजारी नोंदवण्याची सोय त्याच्या खुणांत आहे.

स्कीमा हे संहितेविषयीचे मतच असते. म्हणून ती केवळ तंत्रज्ञांवर सोपवू नये. नियम सैल ठेवला तर चुका निसटतात. कडक ठेवला तर संहिता निसटते. चूक पुढचा वाचक दुरुस्त करू शकतो. वगळलेला अभंग त्याला दिसतच नाही.