पुरवठा शाखेचे इंग्रजी

नातवाच्या इंग्रजीच्या अभ्यासपुस्तकात परवा एक कोष्टक निघाले. डावीकडे ‘सप्लाय’ हा एकटा शब्द आणि उजवीकडे त्याच्या नेहमीच्या सोबत्यांची रांग: स्टेडी, शॉर्ट, ॲडिक्वेट, ॲम्पल. खाली क्रियापदे होती, कट ऑफ, रन आउट ऑफ, मीट द डिमांड. ‘रन आउट’चा येथे क्रिकेटशी संबंध नाही असे कळताच त्या बालकाचा विषयातील रस संपुष्टात आला. मला मात्र त्या गुळगुळीत रंगीत पानावरून ओल्या गोणपाटाचा आणि रॉकेलचा संमिश्र दर्प येऊ लागला, आणि तो दिवसभर नाकातून हटला नाही.

माझे वडील माणदेशातील एका तालुक्याच्या कचेरीत, पुरवठा शाखेत, अव्वल कारकून होते. राजभाषेचा अधिनियम १९६४ सालीच झालेला असल्यामुळे त्यांच्या टिपण्या रीतसर मराठीत उतरत. परंतु ज्या पिढीने नोकरीचे पहिले धडे इंग्रजी मसुद्यांवरून गिरवले, तिच्या जिभेवर ते शब्द जोडीजोडीनेच बसले होते आणि एक उच्चारला की दुसरा आपोआप हजर होई. घरातली साखर संपली तर ती नुसती संपत नसे, ‘स्टॉक एक्झॉस्टेड’ होई. मामाकडून गुळाची ढेप यायची असली तर ‘फर्दर सप्लाय अवेटेड’. आईने या भाषेला कधी दाद दिली नाही. पावसाळ्यापूर्वी ती डाळी उन्हात घाली, राखेत कडधान्य मुरवून ठेवी, सांडगे-पापड डब्यांत भरी, आणि या सगळ्याला ‘बेगमी’ म्हणे. फारसीतून आलेला हा शब्द तिच्या तोंडी मात्र अस्सल माहेरचा वाटे.

१९७२ च्या दुष्काळातली एक सकाळ मला सोडत नाही. रास्त भाव दुकानावर तांबडी मिलो ज्वारी आलेली नव्हती. खडी फोडायच्या कामावर निघालेली एक बाई वाट वाकडी करून थेट आमच्या दारात उभी राहिली. काखेत रिकाम्या पिशवीची घडी, अंगावर आदल्या दिवशीची धूळ. वडील कचेरीत जाण्याच्या गडबडीत होते. ते सवयीने म्हणाले, ‘‘सप्लाय शॉर्ट आहे, बाई. वर कळवलंय.’’ ती क्षणभर थांबली आणि कोणताही आवेश न आणता तिने विचारले, ‘‘शॉर्ट म्हंजी काय वं, भाऊसाहेब? कुनी नेलं?’’

आता कोष्टकातल्या ‘कट ऑफ’ची गोष्ट, कारण ते पाहताच मला, नको असताना, पानिपत आठवले. रसद तोडणे हा प्रयोग आपल्याला कोणी इंग्रजाने शिकवलेला नाही. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेब पेशव्यांनी कुंजपुरा घेतला तेव्हा धान्याची ददात काही काळ मिटली; पण अब्दाली यमुना उतरून दक्षिणेच्या वाटेवर बसला. मागून रसद पोहोचवण्याची भिस्त ज्या गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, ते डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य रणांगणात उतरले, ते उपाशी होते म्हणूनच उतरले. बरोबर दोनशे चार वर्षांनी, १४ जानेवारी १९६५ रोजी, भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. तरी कोठारे उभारायला कोणीतरी नेमका हाच दिवस निवडावा, याची मला गंमत वाटत आली आहे. आमच्या दारातल्या त्या बाईला मात्र अब्दालीचे नाव सांगून भागले नसते. शत्रूने रसद तोडली म्हटले की निदान शत्रू तरी दिसतो.

‘शॉर्ट सप्लाय’ या जोडीवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. तिला कर्ता नाही. साठेबाजाने दडवले, दुकानदाराने काटा मारला, आगगाडीची वाघीण वाटेत अडकली, पाऊसच पडला नाही, वरिष्ठांनी मागणीपत्र दाबून ठेवले; या साऱ्या भिन्न कर्मांवर ती एकच पांघरूण घालते. सरकारी इंग्रजीला हे कसब फार पूर्वीपासून साधलेले आहे. १९४६ साली ‘इसेन्शियल सप्लाईज’चा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘टेम्पररी पॉवर्स’ असे शब्द होते; त्याची मुदत सरली आणि १९५५ साली ‘इसेन्शियल कमोडिटीज’चा कायदा आला, तो अद्याप चालू आहे. १९६६ साली परदेशातून सुमारे एक कोटी टन धान्य आणावे लागले, बहुतांश अमेरिकेचे, आणि त्या दिवसांना ‘शिप टू माउथ’ असे नाव पडले: जहाजातून थेट तोंडात. ही जोडी मात्र मी माफ केली आहे. तिच्यात निदान तोंड आहे. हल्ली आमच्या कोपऱ्यावरच्या शिधावाटप दुकानात अंगठा उमटत नाही तेव्हा ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात. घराणे तेच.

वडिलांनी त्या बाईला उत्तर दिले नाही. ते चपला घालून निघून गेले, आणि ते वळणाआड होताच आईने कोठीतून दोन मापटी बाजरी तिच्या पिशवीत ओतली. ते दाराशी जरा अधिकच वेळ चपला घालत होते असे मला आता वाटते. सरकारी नोकराच्या घरचा तो पुरवठा कोणत्याही रजिस्टरात रुजू झाला नाही, आणि वडिलांनी त्याबद्दल कधी चौकशीही केली नाही.

कोष्टकातला ‘ॲम्पल’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पुरवठा शाखेत त्याला कामच नव्हते. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला. मी तेव्हा शिक्षणासाठी पुण्यात, वसतिगृहात होतो. दिवाळीपूर्वी त्यांचे कार्ड आले. प्रकृती, परीक्षा, फी यांची नेहमीची विचारपूस झाल्यावर शेवटी त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत एक ओळ होती, की यंदा घरी बाजरीचा ‘ॲम्पल सप्लाय’ आहे, तरी सुट्टीत येताना एखाद्या मित्रास अवश्य घेऊन यावे. मी दोघांना घेऊन गेलो. कोठीत बाजरीचे एक पोते होते, तेही गळ्यापर्यंत भरलेले नव्हते. मी आईकडे पाहून हसलो, तशी ती पीठ मळता मळता म्हणाली, ‘‘हसू नकोस. सकाळपासून तीनदा उघडून बघितलंय त्यांनी.’’